छायाचित्र किती कणांचें असावें?

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो दिसण्यांत अगदीं किरकोळ आहे. हातांतील कॅमेऱ्यानें अथवा मोबाइलनें घेतलेलें छायाचित्र पुढें कागदावर छापून घ्यावयाचें असेल, तर तें घेतांना त्या यंत्रांत कोणतें माप निवडून ठेवावें, एवढाच प्रश्न आहे. यंत्राच्या पडद्यावर कोठें 'लहान, मध्यम, मोठें' असें लिहिलेलें असतें, तर कोठें १२, ५०, २०० असे मेगापिक्सेलचे आंकडे असतात. बहुतेक लोक त्यांकडे पाहतहि नाहींत. दुकानांतून यंत्र आणतांना जें माप होतें तेंच वर्षानुवर्षें चालूं राहतें. परंतु पडद्यावर पाहण्यापुरतें चित्र घेणें आणि भिंतीवर लावण्यासाठीं चित्र घेणें, या दोहोंत अंतर आहे. हें अंतर बहुधा आपल्या ध्यानांत येतें तें, चित्रांतील मनुष्य पुन्हा कॅमेऱ्यापुढें उभा राहण्यास उरलेला नसतो तेव्हां.

मी धाराशिव जिल्ह्यांतील लोहाऱ्याचा राहणारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या परिसरांतील सास्तूरसारखीं गांवें उध्वस्त झालीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि त्या भिंतींवरच्या तसबिरीहि ढिगाऱ्याखालीं गेल्या. गेलेल्या माणसाचा एखाद्या ओळखपत्रावरील अंगठ्याएवढा चेहरा, नाहींतर परगांवच्या सोयऱ्याकडे सांपडलेल्या लग्नाच्या समूहचित्रांतील मागच्या रांगेंतला चेहरा मोठा करून आणण्याची लोकांची धडपड त्या काळीं मीं जवळून पाहिली आहे. चित्र मोठें होऊन येई. पण त्यांत डोळे कोठें आणि भुंवया कोठें, हें घरच्या माणसांनाच ओळखावें लागे.

त्या काळीं छायाचित्रें थोडीं होतीं, म्हणून ही अडचण होती असें आपण म्हणूं. आज घरोघरीं हजारों छायाचित्रें आहेत. तरीहि आजोबा गेल्यावर तेराव्यापर्यंत भिंतीवर लावण्याजोगी एक तसबीर करावयाची म्हटलें, कीं तीच धांवपळ होते. मुलगा मोबाइलवर आलेलें एक चित्र दुकानांत देतो. दुकानदार म्हणतो, 'मूळ फाइल आणा'. आणि मूळ फाइल कोणापाशींच नसते. ही विपुलतेंतील दरिद्रता टाळतां येण्याजोगी आहे, आणि त्यासाठीं पांचवीच्या मुलास येणाऱ्या गुणाकार-भागाकारापलीकडे कांहीं लागत नाहीं.

प्रथम चित्रकण म्हणजे काय तें पाहूं. अंगणांत सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या गृहिणीस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पांच ओळी व पांच ठिपके यांवर एखादें साधें फूल उमटतें. एकवीस ओळी व एकवीस ठिपके मांडले, तर त्यांत वेली, पाखरें, कमळें सर्व बसतें. आतां ती पांच ठिपक्यांचीच रांगोळी सबंध अंगणभर करावयाची म्हटलें, तर दोन ठिपक्यांमधील अंतर वाढवावें लागेल. रांगोळी मोठी होईल, पण तींतील बारकावा तिळमात्र वाढणार नाहीं. डिजिटल छायाचित्र ही अशीच ठिपक्यांची मांडणी आहे. प्रत्येक ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आपण त्यास चित्रकण म्हणूं. एका आडव्या ओळींत ४००० कण आणि अशा ३००० ओळी, म्हणजे एकंदर १ कोटि २० लक्ष कण झाले. दहा लक्ष कणांस एक मेगापिक्सेल म्हणतात. तेव्हां हें चित्र १२ मेगापिक्सेलचें झालें.

हे कण कागदावर किती दाट असावेत, हें आपल्या डोळ्यानें ठरविलेलें आहे. दोन बारीक ठिपके वेगवेगळे दिसावयाचे, तर त्यांच्यामधील अंतराचा आपल्या डोळ्याशीं निदान एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा कोन व्हावा लागतो. त्याहून लहान कोन झाला कीं दोन ठिपके मिळून एक दिसतात. यावरून एक सोपा हिशेब निघतो. चित्र जितक्या इंचांवरून पाहावयाचें, त्या संख्येनें ३४३८ ला भागावें. जें उत्तर येईल तितके कण दर इंचास असले म्हणजे डोळ्यास ते सुटे दिसत नाहींत. ही ३४३८ संख्या आपणांस परकी नाहीं. आर्यभटानें आपल्या ज्यांच्या कोष्टकांत त्रिज्या म्हणून हीच संख्या घेतली होती, कारण वर्तुळाचा परिघ २१,६०० कला धरला, तर त्रिज्या इतक्याच कलांची येते.

आतां हातांत धरून पाहावयाचें चित्र आपण सुमारें बारा इंचांवर धरतों. ३४३८ ला १२ नीं भागिलें म्हणजे २८६ येतात. छापणाऱ्यांनीं याचेच सरळ ३०० करून टाकले आहेत. भिंतीवरची तसबीर तीन फुटांवरून पाहिली, तर इंचास ९५ कण भागतात; आणि चौकांतल्या फलकाकडे दहा फुटांवरून पाहिलें, तर २९ सुद्धां पुरतात. फलकावरील पुढाऱ्याचा चेहरा दुरून गुळगुळीत दिसतो व जवळ गेल्यावर त्याचे ठिपके होतात, त्याचें कारण हेंच.

एवढें समजलें कीं प्रत्येक मापाचा हिशेब घरीं करतां येतो. आल्बममधील नेहमींचें चित्र ४ बाय ६ इंचांचें असतें. त्यास १२०० गुणिलें १८००, म्हणजे २१ लक्ष ६० हजार कण लागतात. सव्वादोन मेगापिक्सेल म्हणा. ५ बाय ७ इंचांच्या चित्रास १५०० गुणिलें २१००, म्हणजे साडेएकतीस लक्ष. ८ बाय १२ इंचांच्या मोठ्या चित्रास २४०० गुणिलें ३६००, म्हणजे ८६ लक्ष ४० हजार. आणि १२ बाय १८ इंचांची तसबीर इंचास २०० कण धरून छापली, तरीहि हेच ८६ लक्ष ४० हजार पुरतात. कारण ती नाकाशीं धरून कोणी पाहत नाहीं. याचा अर्थ असा, कीं १२ मेगापिक्सेलचें चांगलें चित्र गृहस्थाच्या बहुतेक सर्व गरजा भागवूं शकतें.

मग ५० आणि २०० हे आंकडे कशासाठीं? येथें जाहिरातींत एक गणिती गंमत दडलेली असते. मेगापिक्सेल हें क्षेत्रफळ आहे, लांबी नव्हे. शेत चौपट झालें तरी त्याचा बांध प्रत्येक बाजूस दुप्पटच होतो. १२ मेगापिक्सेलऐवजीं ४८ मेगापिक्सेल घेतले, तर चित्र चौपट मोठें छापतां येईल असें अनेकांस वाटतें. प्रत्यक्षांत तें लांबीस दुप्पट व रुंदीस दुप्पट एवढेंच वाढतें. शिवाय मोबाइलमधील प्रकाश टिपणारी पट्टी नखाएवढी असते. तिच्यावर इतके कण कोंबले कीं प्रत्येकाच्या वांट्यास प्रकाश थोडा येतो. म्हणून ५० मेगापिक्सेलचा मोबाइल एरवीं शेजारचे चार चार कण एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेंच चित्र देतो, आणि २०० मेगापिक्सेलचा सोळा सोळा एकत्र करून तेवढेंच देतो. संध्याकाळीं, घरांत, देवघराच्या समईच्या उजेडांत ही एकत्र केलेली योजनाच चांगली. भर उन्हांत उघड्यावर पन्नास माणसांचा समूह उभा केला असेल, आणि पुढें त्यांतील एकेक चेहरा मोठा करण्याची शक्यता असेल, तर मात्र पूर्ण कणसंख्येची योजना मुद्दाम निवडावी.

स्वतंत्र कॅमेरा वापरणाऱ्यांनीं 'मोठें' हेंच माप कायम ठेवावें. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत 'लहान' म्हणून जें माप असतें तें बहुधा ३००० बाय २००० कणांच्या आसपास असतें, आणि आल्बमच्या चित्रास तें पुरूनहि उरतें, हें खरें. परंतु कोणतें चित्र पुढें मोठें करावें लागेल हें घेतांना कोणास ठाऊक असतें? मोठ्याचें लहान केव्हांहि करतां येतें. लहानाचें मोठें करणें म्हणजे दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू करणें आहे. जागेच्या काटकसरीचें कारणहि आतां उरलेलें नाहीं. एक चित्र ५ मेगाबाइटचें धरलें, तर नखाएवढ्या ६४ गिगाबाइटच्या कार्डांत बारा हजारांहून अधिक चित्रें मावतात.

याच्याच शेजारीं गुणवत्तेची दुसरी निवड असते. 'उत्तम' आणि 'साधारण' अशा अर्थाचे शब्द तेथें दिसतात. ही कणांची संख्या नव्हे, तर दाबून भरण्याची रीत आहे. जेपेग या पद्धतींत चित्राचे आठ बाय आठ कणांचे चौकोन पाडतात आणि त्या प्रत्येकांतील डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील गाळून टाकतात. थोडें गाळलें तर कांहीं बिघडत नाहीं. फार गाळलें, तर आकाशांत आणि गालांवर चौकटी दिसूं लागतात. तेंच चित्र पुन्हा पुन्हा फेरफार करून जतन केलें, तर दर वेळीं थोडें आणखी गळतें. म्हणून येथें 'उत्तम' निवडावें, आणि मूळ चित्रास हात न लावतां त्याच्या प्रतीवर काय ते संस्कार करावेत.

आतां दोन सांपळे सांगतों. पहिला सांपळा झूमचा. पडद्यावर दोन बोटें फांकवून चित्र जवळ आणलें, कीं आपणांस वाटतें आपण जवळ गेलों. ज्या यंत्रास त्यासाठीं निराळें भिंग नाहीं, तें यंत्र केवळ कडा कापून मधला भाग ताणून दाखवितें. दुपटीनें जवळ आणलेल्या चित्रांत खरे कण चौथाई उरतात. १२ मेगापिक्सेलचे ३ होतात. त्यापेक्षां चार पावलें पुढें चालत जावें.

दुसरा सांपळा मापाच्या प्रमाणाचा. मोबाइलचें चित्र बहुधा चारास तीन या प्रमाणाचें असतें. आल्बमचा कागद सहास चार, म्हणजे तिनास दोन. सहा इंच रुंदी भरावयाची तर चित्राची उंची साडेचार इंच होते, आणि कागद चारच इंचांचा. उरलेला अर्धा इंच, म्हणजे उंचीचा नववा भाग, कापला जातो. तो भाग म्हणजे उभ्या माणसांचे फेटे नाहींतर मांडी घालून बसलेल्यांचे गुडघे. तेव्हां चित्र घेतांना वर व खालीं थोडी जागा मोकळी सोडावी, अथवा छापणाऱ्यास 'कडा पांढऱ्या ठेवा, पण कापूं नका' असें स्पष्ट सांगावें.

दुकानांत आणखी एक शब्द कानांवर येतो, तो डीपीआय. 'हें चित्र ७२ डीपीआयचें आहे, छापतां येणार नाहीं,' असें कोणी सांगितलें, तर घाबरून जाऊं नये. फाइलींत लिहिलेला हा आंकडा नुसती चिठ्ठी आहे. ४००० कणांच्या चित्रावर ७२ लिहिलें काय किंवा ३०० लिहिलें काय, कण तेवढेच. पाहावयाचें तें हें, कीं लांबीचे कण भागिलें कागदाचे इंच किती येतात. तसेंच शाईच्या छपाईयंत्रावर १४४० असा आंकडा असतो, तो शाईच्या थेंबांचा. एका चित्रकणाचा रंग जुळविण्यास असे अनेक थेंब लागतात; त्या आंकड्यानें चित्रांतील बारकावा वाढत नाहीं.

आतां ज्या ठिकाणीं आपलीं चित्रें खऱ्या अर्थानें नाश पावतात, त्याकडे वळूं. लग्नांत वीस माणसांचें समूहचित्र घेतलें आहे असें समजा. दोन रांगा, प्रत्येक रांगेंत दहाजण. चित्राची रुंदी ४००० कण, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ४०० कण, आणि त्यांत चेहऱ्याची रुंदी फार तर १५० कण. आल्बममध्यें हा चेहरा स्वच्छ दिसतो. पुढें त्यांतील एका माणसाचा चार इंच रुंद चेहरा असलेली तसबीर करावयाची झाली, तर इंचास ३७ कण मिळतात. हें मुळांतच कमी आहे. आतां तेंच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें आलें असेल, तर वाटेंत त्याची रुंदी साधारणतः १६०० कणांवर आणलेली असते. मग त्या चेहऱ्यास ६० कण उरतात, आणि तसबिरींत इंचास १५. दुकानदार काय करणार? मनुष्य त्या चित्रांत होता. पण निरोपाबरोबर पाठवितांना आपणच त्यास पुसून टाकलें.

यावर उपाय सोपा आहे. छापावयाचें चित्र पाठवितांना तें छायाचित्र म्हणून न पाठवितां 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें; तसें केलें म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. अधिक स्पष्ट चित्रें पाठविण्याची एक सोय २०२३ सालीं तेथें आली आहे, परंतु तींतहि चित्र दाबलेंच जातें. मुलें परगांवीं असतील तर मूळ चित्रें पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावीं, आणि एकाच ठिकाणीं न ठेवतां निदान दोन ठिकाणीं ठेवावीं.

हल्लीं अंधुक चेहरा यंत्राच्या बुद्धीनें स्वच्छ करून देणाऱ्या योजना निघाल्या आहेत. त्यांचें काम आश्चर्यकारक असतें, पण तें काय करतात हें ओळखून असावें. जे कण नाहींत ते त्या आणूं शकत नाहींत. हजारों परक्या चेहऱ्यांच्या अभ्यासावरून येथें डोळा असा असावा, तेथें सुरकुती अशी असावी, असा अंदाज बसवितात. जो चेहरा निघतो तो रेखीव असतो, पण तो आपल्या आईचाच असेल याची शाश्वति नसते. उपाय राहिलेला नसेल तेव्हां जरूर करावा. मात्र मूळ अंधुक चित्रहि जपून ठेवावें आणि कोणतें कोणतें हें लिहून ठेवावें. नाहींतर नातवंडें अंदाजालाच पणजी समजतील.

जुन्या घरांतील कागदी छायाचित्रांचें तेंच गणित उलट चालतें. २ बाय ३ इंचांचें चित्र इंचास ६०० या प्रमाणानें स्कॅन केलें, तर १२०० बाय १८०० कण मिळतात, आणि तें ४ बाय ६ इंचांत सुरेख छापतां येतें. मोबाइलनें जुन्या चित्राचें चित्र घेण्यापेक्षां हें पुष्कळ बरें. कारण त्यांत कांचेची चकाकी नसते आणि कोन तिरपा होत नाहीं.

श्रोतेहो, आमचा मुलूख पूर्वीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचें नांव छायाचित्रकलेच्या इतिहासांत मोठें आहे. त्यांचा देहांत १९०५ सालीं झाला. त्यांच्या काळीं कांचेची पट्टी कागदावर ठेवून उन्हांत चित्र उतरवीत. पट्टी जेवढी, चित्र तेवढें. मोठें चित्र हवें तर मोठी पट्टी आणि ती वाहावयास मोठा कॅमेरा. त्यांच्या अनेक कांचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जपलेल्या आहेत, आणि त्यांवरून आजहि बारकाव्यासह चित्रें काढतां येतात. उलट १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, त्याच्या चित्रांत शंभर ओळी व शंभर कण, एकंदर दहा हजार कण होते. एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. इंचास ३०० या मापानें तें कागदावर छापलें, तर तिळगुळाच्या वडीपेक्षांहि लहान होईल, इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढें. पन्नास वर्षांत आपण दहा हजारांवरून कोट्यवधि कणांवर आलों, पण राजा दीनदयाळांच्या वेळचा नियम बदललेला नाहीं: घेतांना जेवढें सांठविलें तेवढेंच पुढें छापतां येतें.

शेवटीं सर्व एकत्र सांगतों. माप मोठें, गुणवत्ता उत्तम, झूम नको, कडेस थोडी जागा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणीं. हात स्थिर ठेवावा आणि भिंग धोतराच्या मऊ टोकानें किंवा रुमालानें पुसून घ्यावें. हाललेल्या अथवा धुरकट चित्रास दोनशें मेगापिक्सेलहि तारूं शकत नाहींत.

आणि एक काम या दिवाळींत कराच. घरांतील वडीलधारीं माणसें एकत्र येतील, तेव्हां समूहचित्राबरोबर प्रत्येकाचें एकेक वेगळें चित्र घ्या. सकाळच्या वेळीं, उंबऱ्याच्या आंत, दाराकडे तोंड करून बसवा. उन्हाची तिरीप नको, नुसता उजेड हवा. चेहरा आणि खांदे एवढेंच चौकटींत घ्या. मग चेहऱ्यास दीडशेंऐवजीं हजाराहून अधिक कण मिळतात. त्यांतील एक ५ बाय ७ इंचांच्या कागदावर छापून आणा, आणि आल्बमच्या पानावर त्याखालीं पूर्ण नांव, गांव आणि तारीख लिहून ठेवा. कोणी 'हें आतांच कशाला?' असें विचारील. त्यास सांगा, कीं आतां घेतलें तर तें दिवाळीचें चित्र आहे.